श्रावणातली पोथी आणि माझा ई-रीडर

किन्हवलीच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "श्रावणात येत जा रे. माझे डोळे थकले का पोथी तुलाच वाचायची हाय." नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सिंगापूरला निघालो होतो. "येईन" म्हणालो. तेव्हा रजा काय चीज असते ते माहीत नव्हतं.

आमच्या घरी कंदील एकच. श्रावणात तो पोथीपाशी, म्हणून माझा अभ्यासही पोथीपाशी. बाबा ओवी म्हणायचे, शेजारचे बाळूकाका तिचा अर्थ सांगायचे, मधे मी गणितं सोडवायचो. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात बाबा वीटभट्टीवर. त्यातून मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट झालो. हे सांगताना मी लाजत नाही.

तिकडे भाड्याची घरं बदलताना पुस्तकांचे खोके उचलून कंबर मोडायची. काही वर्षांनी ई-रीडर घेतला आणि सुटलो. अख्खं कपाट एका हातात. अक्षर हवं तेवढं मोठं करा. पुस्तक किती उरलं ते बोटांना कळत नाही, वाचून झालेलं कुणाला देता येत नाही, हे खरं. पण माझ्यासारख्या फिरत्या माणसाला तो सोयीचाच.

मग घरून दादाचा फोन आला. साखरेनं बाबांच्या डोळ्यांचे पडदे गेले होते, ऑपरेशनचा उपयोग नव्हता; मोठं असेल तेवढंच दिसायचं. मला लगेच मोठी अक्षरं आठवली. पोथी इंटरनेटवर सापडली, कॉम्प्युटरवर छान दिसली. गडबडीत ई-रीडरमध्ये टाकली आणि आठ दिवसांची रजा काढून श्रावणाच्या तोंडावर घरी आलो.

आई म्हणाली, "एवढा शिकलास नि परत पाटी आणलीस?"

आधी मी बाबांना इंग्रजी पान दाखवलं. अक्षरं टपोरी. "हां, दिसतंय!" बाबा हरखले. मग पोथी उघडली. पानभर नुसते रिकामे चौकोन. त्या यंत्राला मराठी येतच नव्हतं.

"इंग्रजीचं मोठं झालं. आपलं कुठं गेलं?" बाबांनी विचारलं.

बाळूकाका म्हणाले, "तुज्या पाटीत देव मावत नाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी शहापूरला सायबर कॅफेत जाऊन पोथीची पानं स्कॅन करून आणली. अख्खं पान घेतलं तर मुंगीएवढं, मोठं केलं तर अर्धीच ओळ. बाबा बटण दाबत, थांबत, पुन्हा दाबत. ओवीची चाल मधेच तुटायची. शेवटी त्यांनी ई-रीडर माझ्या मांडीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी वाचतो ना," मी म्हणालो.

"आठ दिस वाचशील. मंग?"

मी ई-रीडर बंद करून बाजूला ठेवला. त्या 'मंग'पुढे माझा पगारही चालत नव्हता, डिग्रीही.

वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. मुरबाडकडची, सातवी शिकलेली. बाबा तिच्याकडे वळले. "सूनबाय, तुला चष्मा नाय ना? बस इथं."

"बाईमाणसानं पोथी वाचायची?" बाळूकाका म्हणाले.

"मंग तू वाच."

बाळूकाकांना अक्षर येत नव्हतं. ते खो खो हसले आणि वहिनीला बसायला जागा करून दिली. ती आधी अडखळली. बाबांनी ओवी उचलून दिली, मग तिला चाल सापडली. मी भिंतीशी बसून ऐकत होतो. मला कुणी काही सांगितलं नाही, काही मागितलंही नाही.

आठव्या दिवशी मी परत निघालो. पोथीच्या समाप्तीचं मला दादानं फोनवर सांगितलं.

ई-रीडर अजून वापरतो, इंग्रजी वाचायला. मी घर म्हणतो ते माझ्यावाचून चालतं. ते चालावं म्हणूनच तर पैसे पाठवत होतो, तरी असं चाललेलं बघवत नाही. बाबांची नजर मला परत आणता आली नाही. पण त्या श्रावणात आमच्या घरची पोथी पूर्ण झाली. वहिनीनं वाचली.