रविवारचं औषध

माझा मित्र रतिलाल गेल्याचं मला त्याच्या थोरल्या भावाने सांगितलं. ऐंशीच्या घरातले उत्तमभाऊ नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून सकाळीच प्रकाशा गावाहून माझ्याकडे लोणखेड्याला आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "रती गया. मुंबईले. झोपमाच..." बसा म्हटलं तर बसले नाहीत, आणखी दोन घरी सांगायचं आहे म्हणाले. फोन करता आला असता, तरी ते स्वतः आले याचं मला नवल वाटलं, कारण या दोघा भावांत कित्येक वर्षं कामापुरतंच बोलणं उरलं होतं. आता महिना उलटून गेला आहे. थोडं शांतपणे लिहिता येईल असं वाटतं.

वर्तमानपत्रांनी त्याला ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ म्हटलं, ते खरंच आहे. औषधं यकृतावर काय परिणाम करतात, कुठलं औषध किती मात्रेपर्यंत गुण देतं आणि कुठून पुढे अपाय करतं, यात त्याने हयात घातली. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्याच्या गावाला मात्र हा डॉक्टर शेवटपर्यंत उमगला नाही. सुटीत आला की म्हाताऱ्या बाया हात पुढे करून नाडी बघ म्हणायच्या. "मी माणसं तपासत नही मावशी, औसद तपासस," हा सांगायचा. एवढं शिकून पोराला साधी सुई टोचता येत नाही, म्हणून त्यांना त्याची कीव यायची. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे त्याचं थोडंफार मला कळायचं, आणि तेवढ्यावर तो माझं डोकं खायचा. माझ्याकडे उतरला की आधी माझा गोळ्यांचा डबा उघडायचा. "ही कसाले लेस? आन् ही?" निम्म्या गोळ्या बाजूला काढायचा आणि माझ्या डॉक्टरला फोन करून, त्याचा मान राखत, त्या बंद करवायचा. औषध कमी करणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या घरात काविळीचं औषध होतं. आजोबांपासून चालत आलेलं. रविवारी सकाळी रोग्याने उपाशीपोटी येऊन ओट्यावर बसायचं. सातपुड्यातून आणलेली मुळी सहाणेवर उगाळून ताकातून त्याला द्यायची. पैसा घ्यायचा नाही, रोग्याच्या हातचा चहासुद्धा प्यायचा नाही. विसरवाडीपासून लोक पहिल्या एसटीने यायचे. वडलांनंतर सहाण उत्तमभाऊंकडे आली. रतिलाल संशोधनाला लागला तेव्हा भाऊंनीच हौसेने पिशवीभर मुळ्या त्याला मुंबईला पोचत्या केल्या. घरचं औषध आता जगाला कळणार, म्हणून गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

रतिलालने त्यावर काही वर्षं काम केलं. उंदरांना मुळी दिली काय आणि न दिली काय, फरक पडेना. जास्त दिली तर यकृत बिघडे. निबंध छापायला देण्याआधी तो भावाला सांगायला गावी आला आणि मला सोबत घेऊन गेला. एकट्याने जायची त्याची छाती होत नव्हती.

"भाऊ, त्या मुळीमा काही गुण नही. जास्ती व्हयनी ते अपाय करस."

"आन् ज्या लोके बरा व्हयनात, त्या?"

"बरीच कावीळ आपलीआपच उतरस, भाऊ. आराम करा, पथ्य पाळं का माणूस बरा व्हस."

भाऊ म्हणाले, "मंग आजानं पुन्य? बापनं?"

परतीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, छापू नको का? मग स्वतःच म्हणाला की आपण गप्प बसलो तर उद्या कोणी हीच मुळी बाटलीत भरून विकेल. त्याने निबंध छापला. गावाचं नाव नाही, घराचं नाही. तरी घरात जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून तो गावी आला की जेवायला भावाकडे जायचा आणि झोपायला माझ्याकडे यायचा. दोघांत भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

गेल्या हिवाळ्यात तो शेवटचा माझ्याकडे आला. अंगावर शाल घेऊन अंगणात बसला होता. "भाऊ आजून औसद देतस का रे?" त्याने विचारलं. मी जे दिसत होतं ते सांगितलं, "देतस ना. रविवारे ओटा भरेल ऱ्हास." तो म्हणाला, "बाहेरना लोकेसनी मन्हं आयकं... घरना माणूसनी नही." एरवी स्वतःबद्दल तो असं कधी बोलत नसे. मला फार वाईट वाटलं.

दिवस-कार्य आटोपल्यावर एका रविवारी मी प्रकाशाला गेलो. ओट्यावर माणसं होतीच. भाऊंनी एका तरण्या माणसाला उन्हाकडे वळवून त्याचे डोळे पाहिले, शहाद्याला जाऊन रक्त तपासून घे म्हणून बजावलं आणि आतून ताकाचा पेला आणून त्याच्या हातात दिला. उगाळण्याचं काही दिसेना.

"सहाण कोठे शे, भाऊ?"

"वर, माळ्यावर."

"कव्हयपाशीन?"

"रती सांगी गया ना... त्या दिनपाशीन."

"मंग ह्या लोकेसले काय देतस?"

"ताक." भाऊंनी आवाज खाली आणला. "तरी बरा व्हतस. तो खरं सांगे."

मला त्या क्षणी भाऊंचा संताप आला. इतकी वर्षं हा माणूस दर रविवारी आपल्या भावाचं म्हणणं खरं होताना बघत होता, आणि तिकडे तो... "मंग हाई त्याले का बरं नही सांगं?" मी जवळजवळ ओरडलोच. ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघू लागली.

भाऊंनी रिकामा पेला उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"मोठा शे ना मी..." ते म्हणाले. "आवंदा दिवाळीले सांगसू, म्हणी ऱ्हायना व्हतू."