फ्लेक्सवर चेहरा कुणाचा

लातूरला आमचा मेळावा पार आपटला होता. सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि कुणीही वापरायचं असं सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा मेळावा. पाहुणे पुण्याहून आले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलून गेले. जाहिरातीचा फ्लेक्स मी क्लासेसच्या गल्लीत लावला होता, तोही बिनफोटोचा. आमच्यात पुढारी नसतो, मग चेहरा कुणाचा छापायचा, असा माझा तोरा. पालक मात्र ती क्लासचीच जाहिरात समजून विचारायचे, पहिला आलेला पोरगा कुठाय? पुढचा मेळावा नांदेडला होता; तिथंही हॉल रिकामा राहिला तर पाहुणे मराठवाड्याकडे फिरकणार नव्हते. गोड शब्दांत का होईना, त्यांनी तसं कळवलं होतं.

मेळावा तोंडावर आला तरी नावनोंदणी नाही. कॉलेजांचे उंबरे झिजवले. सगळीकडे चहा मिळाला, मुलं मिळाली नाहीत. अन्न गोड लागेना. ज्या मातीत वाढलो तिथंच आपलं काम कुणाला नको, याचा आधी संताप यायचा आणि मग रडू. शेवटी फ्लेक्सवाल्यापुढे हात टेकले. तो म्हणाला, "सर, चेहरा असल्याबिगर माणूस मान वर करत न्हाई."

आमच्या गटात भोकरकडची एक मुलगी होती, नांदेडला खोली करून शिकणारी. तिनं लिहिलेला कोड नुकताच जगभर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये घेतला गेला होता. फ्लेक्सवर तुझा फोटो छापू का विचारलं तर लाजत हो म्हणाली. मी फोटो आणि मजकूर पाठवला आणि एक फ्लेक्स तिच्या गावच्या फाट्यावर लावायला सांगून पाहुण्यांच्या सरबराईला लागलो. फ्लेक्सवाल्याला मजकूर लांबलचक वाटला. त्यानं आपला नेहमीचा साचा काढला: हसरा फोटो, वर 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली हॉलचा पत्ता. आमच्याकडे असा फ्लेक्स लागला की अर्थ एकच, पोरगी सरकारी नोकरीला लागली.

मेळाव्याच्या सकाळी टेम्पो भरून गाव आलं. फेटे, शाली, पेढ्यांचे डबे. पोरीनं आपल्याला चकित करायला लपवलंय असं समजून बापानं तिला फोनसुद्धा केला नव्हता. हॉल गच्च भरला आणि मला काहीच उमगेना. तिच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि विचारलं, "सर, पोष्टिंग कुठं भेटली?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मी सांगितलं, की नोकरी नाही, पगारही नाही, पण काम फार मोठं आहे.

"हळू बोला सर," ते म्हणाले. "मागं गाव बसलंय."

मग ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. एक अक्षरही कळत नसताना शेवटपर्यंत ताठ बसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की त्यांनीही वाजवल्या. पाहुणे खूश होते, नांदेडला पुन्हा येऊ म्हणाले. बापानं मुलीला त्याच टेम्पोत बसवलं. खोलीवरचं सामान मागाहून नेतो, एवढंच मला सांगितलं.