पाठ टेकली नाही

रबरी मॅटचा वास आला की अजून हात आपोआप गळ्याशी जातो. केज गावच्या तालमीत दहा वर्षं लाल मातीत कुस्ती खेळून मी पिंजऱ्यातल्या पहिल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीला उतरलो, आणि दुसऱ्याच मिनिटाला समोरच्यानं मला खाली पाडलं. जाळीबाहेरून वस्ताद ओरडले, "पाठ लागू देऊ नको बे!" कुस्तीत पाठ टेकली की हार, त्या सवयीनं मी झटकन पालथा झालो. तो पाठीवर बसला, त्याचा हात गळ्याखाली सरकला. डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी हार कबूल करायची थाप मी मॅटवर मारली नाही. तालमीत ती कुणी शिकवलीच नव्हती. शुद्धीवर आलो तेव्हा वस्ताद विचारत होते, "पाठ तर टेकली न्हाई, मग हरलास कावून?" आता तालमीत मीच ही पिंजऱ्यातली लढत शिकवतो. नव्या माणसाला आधी पाठीवर झोपवतो, थाप मारायला लावतो, आणि दारात बसलेले वस्ताद तोंड फिरवतात.