पोर्टलवर चढलेली ज्वारी

कॉम्प्युटरचं काम म्हणजे कोरडं काम, असं मला नोकरीला लागताना वाटलं होतं. आता रोज एक तरी किस्सा घरी नेते. ताट वाढायच्या आधी आई विचारते, "आज काय झालं गं पोर्टलवर?" तिची टीव्हीवरची मालिका केव्हाच बंद पडलीय.

आमचं ऑफिस धाराशिवात, एका मेडिकलच्या वर. माणसं तीन. तुळजापूरचे कुलकर्णी सर प्रमुख, पुण्याहून आलेला संदीप कोड लिहिणारा, आणि मी फॉर्मवरचे प्रश्न मराठीत लिहिणारी नि फोन उचलणारी. शेतकऱ्याने ज्वारी, हरभरा घरबसल्या पोर्टलवर टाकायचा आणि गिऱ्हाइकाने तिथूनच घ्यायचा, एवढंच काम. बाकीच्या जिल्ह्यांतही हेच पोर्टल होतं, त्यांचे फॉर्म पुण्याहूनच चालायचे. पण आमच्या ऑफिसला पुण्याच्या मोठ्या साहेबांची अट होती. रब्बीच्या राशी उचलेपर्यंत पोर्टलवरून एक तरी पूर्ण लॉरी गेली पाहिजे. नाही गेली तर ऑफिसला कुलूप!

*

उद्घाटनाची तारीख पुण्याहून ठरून आली. सरांनी दोनदा कळवलं, "ती तारीख नको." ऐकतंय कोण! आम्ही हॉल घेतला, शंभर खुर्च्या मांडल्या, पेढे आणले. अकरा वाजले तरी हॉलमध्ये आम्ही तिघंच.

कारण त्या दिवशी वेळ अमावस्या होती. अख्खा जिल्हा आपापल्या शेतात, पूजेला आणि जेवायला! रस्त्यावर चहाची टपरीसुद्धा उघडी नव्हती.

शेवटी पेढे घेऊन आम्हीच सरांच्या ओळखीच्या एका शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, पुढे पंगत बसलेली. संदीप लॅपटॉप उघडायला लागला, तर घरधनी म्हणाले, "आधी जेवा. मशीन कुठं पळून चाललंय?" आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाऊन झाली, तोवर आजूबाजूच्या शेतांतली माणसंही गोळा झाली. पहिल्या नोंदण्या तिथेच झाल्या.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. "उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं?"

सर म्हणाले, "पांडवांच्या!"

*

एकदा संदीप ओरडत आला, "फ्रॉड! बेचाळीस शेतकरी आणि मोबाइल नंबर एकच!" तो सगळी खाती ब्लॉक करायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी फोन तर लावू.

फोन उचलला परंड्याकडच्या एका गावातल्या सुनीताताईंनी. त्यांची पिठाची गिरणी. "व्हय, नंबर माझाच हाय. गावात रेंज निस्ती माझ्या गिरणीच्या जिन्यावर येती. मग सगळ्यांचा ओटीपी मीच सांगते."

मी यादीतलं एकेक नाव घेत गेले. कुणाचं रान किती, पेरा कशाचा, रास कधी होणार, बाई घडाघडा सांगत होत्या आणि मागे गिरणी चालूच! संदीप स्क्रीनवर ताडून बघत होता. दोन ठिकाणी फरक निघाला. दोन्ही ठिकाणी आमचंच चुकलं होतं.

संदीप हळूच म्हणाला, "ह्यांचा बॅकअप कसा घ्यायचा?"

*

"मालाचा फोटो टाका," असं मी लिहिलं होतं. ढोकीच्या एका काकांनी झाकलेल्या ताडपत्रीचा फोटो टाकला. मी फोन केला तर मलाच विचारतात, "उघडी रास आमी गावाला दावत न्हाय, आन तुमी दुनियेला दावा म्हणता? दिष्ट लागली म्हंजे?"

मी खूप विनवल्यावर दुसऱ्या दिवशी उघड्या राशीचा फोटो आला. ज्वारी अशी पांढरीशुभ्र की मी बघतच राहिले. आणि राशीच्या माथ्यावर मधोमध, दृष्ट लागू नये म्हणून, कोळशाचा मोठा तुकडा!

संदीपचा फोटो तपासणारा प्रोग्राम भारी हुशार. त्याने शेरा मारला, "मालात भेसळ."

*

आणखी एक. पोर्टलच्या अटी-शर्ती जगात कोणी वाचत नाही, सगळे खाली जाऊन 'मान्य' दाबतात. तुळजापूरच्या एका निवृत्त गुरुजींनी त्या अथपासून इतिपर्यंत वाचल्या, लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि एसटीने स्वतः आणून दिल्या. वर शेरा होता, "अट नऊ आणि अट चौदा यांचं आपसांत पटत नाही." संदीपने उभं राहून त्यांना नमस्कार केला!

*

ज्वारीतला ओलावा मोजायचं मीटर आलं. आम्ही ते मोठ्या ऐटीत गावात नेलं. तिथले तात्या बघत होते. त्यांनी एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, कट्‌ आवाज ऐकला आणि म्हणाले, "साडेअकरा."

मीटरवर साडेअकरा!

दुसऱ्या पोत्याला तात्या म्हणाले, बारा. मीटर म्हणालं, चौदा. संदीप खूश झाला. तात्या शांतपणे म्हणाले, "त्याचा सेल बदला." सेल बदलला. बारा!

आमच्या फॉर्मवर आता 'ओलावा कसा मोजला' या प्रश्नाला दोन पर्याय आहेत. मीटर आणि दाढ.

*

आता माकणीचं सांगते.

अटीची मुदत शुक्रवारी पाचला संपत होती आणि लॉरी अजून एकही गेली नव्हती. बुधवारी पुण्याच्या एका भाकरी केंद्राने पूर्ण लॉरीची ऑर्डर टाकली. माल माकणीच्या अनसूयाआजींचा. शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या खळ्यावर हजर. नियम असा, की भरताना एकेक पोतं शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर नोंदवायचं.

हमालाने पहिलं पोतं पाठीवर घेतलं. आजी म्हणाल्या, "लाभ!" सुनेने फोनवर 'लाभ' लिहिलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, "कृपया योग्य आकडा भरा."

ती अक्षरं मीच लिहिलेली! आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. लाभ, मग दोन, मग तीन. लहानपणापासून ऐकलेलं, आणि फॉर्म लिहिताना विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संदीप म्हणाला, "आजी, एक टाका ना. तेच ते. काय फरक पडतो?"

"न्हाय पडत ना? मग तूच लाभ मान की!"

सरांनी हात जोडले. "आजी, पाचच्या आत लॉरी गेली नाही तर आमचं ऑफिस बंद होईल."

"आपिस तुमचं, रास माझी. एकानं धरल्याली रास एकावरच ऱ्हाती."

हमाल बिचारा पोतं खाली ठेवायला वाकला. आजी कडाडल्या, "लाभाचं पोतं उचलल्यावर खाली ठिवत न्हायत!" मग चार हमाल आळीपाळीने पाठ देत राहिले. संदीप रेंजसाठी लॉरीच्या टपावर चढला आणि तिथे उन्हात बसून कोड बदलायला लागला. वीस मिनिटांनी तो वरून ओरडला, "आजी, म्हणा आता!"

"लाभ!"

स्क्रीन हिरवी झाली. लॉरी पाचला दहा कमी असताना हलली.

सोमवारी मोठ्या साहेबांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला. "कुलकर्णी, लॉरी गेली, उत्तम. पण रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत चूक आहे. आकड्याच्या जागी 'लाभ' आलंय. तिथं एक करा, परत पाठवा, मग ऑफिसचं बघू."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, ती चूक नाही. बाकीच्या जिल्ह्यांत ते राहून गेलंय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून गुंडाळायला घेतलं.

गुरुवारी ऑफिस चालू ठेवण्याचं पत्र आलं. कारण काही लिहिलेलं नव्हतं. संदीपला काय वाटलं कोण जाणे, त्याने दुसऱ्या एका जिल्ह्याचा फॉर्म उघडला. पहिल्या पोत्याच्या रकान्यात लाभ. त्याने आणखी एक जिल्हा उघडला. लाभ. मग आम्ही एकेक करत सगळे जिल्हे उघडले.

"आईशप्पथ," संदीप म्हणाला, "मी नाही केलं!"