दसऱ्याचा बार

माझी शाळा चौथीत सुटली. हे माझ्यापुरतंच लिहितेय, पण कोणाच्या हाती लागलंच तर वाकडं अक्षर आणि चुकलेली वेलांटी सांभाळून घ्यावी.

आमचे हे तोफखान्यात नायक होते. पेन्शन घेऊन आष्टीजवळच्या आमच्या गावी आले. घरात सासऱ्यांची ठासणीची बंदूक होती, परवान्याची. दसऱ्याला देवीची पालखी शिवेवर पोचली की आमच्या घरानं एक बार काढायचा, ही रीत. गोळी नाही, नुसती दारू. फौजेत तोफेवरच्या प्रत्येक माणसाला नंबर असतो. ह्यांनी मला नंबर दोन केलं.

काम ठरलेलं. हे नळी आभाळाकडं धरायचे, दोघांच्याही तोंडापासून लांब. मी आधी गज आत सोडून नळी रिकामी आहे का ते बघायचं. मग मापानं दारू, वर चिंधीचा बोळा, आणि गजानं ठासायचं. दारूचा डबा झाकून लांब नेल्याशिवाय हे ठिणगी पाडणारी टोपी बंदुकीवर चढवत नसत. विडी ओढणारा कोणी जवळ दिसला तर काम बंद.

"नंबर दो, तैयार?"

"तैयार, साहेब."

माझी जाऊ हसायची. "कावून गं, नवऱ्याला साहेब म्हणतीस? घरी सॅल्यूट बी मारतीस का?"

मी पदर तोंडाला लावायचे. चारचौघांत 'तैयार, साहेब' एवढाच माझा आवाज निघायचा.

एका वर्षी टोपी फुटली, पण बार झाला नाही. दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून हे नळी रिकाम्या माळाकडं धरून तसेच उभे राहिले.

"फौजी, दारू भिजली बे," मागून कोणी तरी म्हणालं. लोक हसले.

"जागा सोडू नका," हे म्हणाले.

धाकटे दीर विष्णू, त्यांना घराची लाज वाटली असावी. गज उचलून ते पुढं निघाले. "दारू नीट बसली नसंल. अजून एकदा ठासतो."

तोफांनी ह्यांचा डावा कान गेला होता आणि भावजी डावीकडूनच आले. ह्यांची नजर बंदुकीच्या घोड्यावर होती. भावजींचा हात नळीच्या तोंडाकडं गेला.

"थम!" मी ओरडले. कवायतीचा शब्द, ह्यांच्याकडून ऐकलेला. "भावजी, मागं व्हा!"

भावजी दचकून मागं सरले, आणि बार झाला. धूर निवळला तेव्हा गज त्यांच्या हातात तसाच होता. हलगीवाला वाजवायचं विसरला होता. ह्यांनी नळी खाली घेतली नाही. एवढंच म्हणाले, "शाबास, नंबर दो."

घरी आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा गुरनामचं सांगितलं. दोघं एकाच तोफेवर होते.

"सरावाच्या रेंजवर गोळा उडाला न्हाई. थांबायचा हुकूम होता. गुरनाम घाई करून म्होरं गेलता."

एवढं सांगून हे ताटावरून उठले. ताटातली पुरणाची पोळी तशीच राहिली.

हे गेल्यावर मी बंदूक ठाण्यात जमा केली. आता शिवेवर फटाका लावतात. सोनं घेऊन भावजी सगळ्यांच्या आधी माझ्याकडं येतात, पाया पडतात. ते गेले की मी ह्यांच्या फोटोपुढं आपट्याची दोन पानं ठेवते. एक ह्यांचं. दुसरं गुरनामचं. त्याचा फोटो आमच्याकडं नाही.