आमच्या साडूंचं टोचन

गाडी बंद पडण्याचं सुख या पृथ्वीतलावर फक्त एकाच माणसाला लाभलं आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. तुमची-माझी गाडी रस्त्यात थांबली की आपण घामाघूम होतो, बायकोवर खेकसतो आणि बॉनेट उघडून, काही कळत नसताना, आत बघत उभे राहतो. साडूंची गाडी बंद पडली की आसपासच्या गावांत पाहुणे आल्याचा उत्साह पसरायचा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवटीत राहायचे, सरकारी कचेरीत नोकरी करायचे आणि नव्वदच्या सुमारास कुणाकडून तरी घेतलेली एक मोरपंखी गाडी चालवायचे. 'चालवायचे' हा शब्द मी नाइलाजानं वापरतोय. त्र्यंबकेश्वर असो की मनमाड, जाताना ती गाडी आपली आपण जायची आणि येताना कुठल्या तरी ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे दोराला बांधून यायची. आमच्याकडे याला टोचन म्हणतात. नाशिकच्या द्वारका चौकातून ते असे ओढले जाताना मी स्वतः पाहिलंय. वरातीतल्या नवऱ्यासारखा चेहरा होता.

गाडी थांबली की साडू बॉनेटला हातसुद्धा लावत नसत. "त्यातलं मला काय कळतंय?" म्हणायचे आणि सरळ डिकी उघडायचे. डिकीत स्टेपनीच्या जागी सतरंजी, वातीचा स्टोव्ह, चहा-साखरेचे डबे आणि कपबश्या. झाडाखाली सतरंजी पडायची, आधण ठेवलं जायचं, आणि पहिला जो कोणी थांबेल त्याच्या हातात कप यायचा. गाडी ओढता का, असं साडू कधीच विचारत नसत. ते विचारायचे, "तुमचं गाव कुठलं?" मग गाव, गावातली शाळा, विहिरीला पाणी किती, मुलीचं कुठं जमलं, असं करत करत तो माणूस दुसरा कप संपवून स्वतःच दोर शोधायला निघायचा. एकदा घोटीजवळ भातवाल्या एका शेतकऱ्यानं गाडी आपल्या दारात ओढून नेली. साडू तिथे जेवले, ओसरीवर झोपले आणि येताना डिकीतून नव्या तांदळाची गोणी घेऊन आले. त्याच रस्त्यावर माझी स्कूटर पंक्चर झाली होती तेव्हा मला काय मिळालं? पंक्चरवाल्याशी भांडण. आमच्या घरी महिनाभर त्या तांदळाचा भात होत होता आणि प्रत्येक घासाला बायको म्हणत होती, "वास बघा हो कसा आहे! दाजींनी आणला." मला तो वास अजिबात आवडला नाही.

टोचनचे पैसे कुणी घेत नसे, पण साडूंनी त्यासाठी एक प्रथाच पाडली होती. दिवाळीत मेहुणीबाईंच्या घरी घरचा फराळ झाला की टोचनवाल्यांचा वेगळा घाणा निघायचा. वर्षभरात ज्यांनी ज्यांनी गाडी ओढली, त्या सगळ्यांकडे चकल्या-करंज्यांचे डबे घेऊन साडू त्याच गाडीतून निघायचे. वाटेत ती पुन्हा बंद पडायची, आणि पुढच्या दिवाळीला आणखी एक डबा वाढायचा. त्यांच्या मुलीच्या लग्नात तर टोचनवाल्यांची पहिली पंगत बसली. फेटेवाले, टोपीवाले, एक खाकी कपड्यातला एसटीचा ड्रायव्हर. साडू स्वतः जिलबी वाढत होते आणि सासूबाई प्रत्येकाला आग्रह करत होत्या. मी सख्खा जावई, आणि मला पाण्याच्या टँकरकडे लक्ष ठेवायला बसवलं होतं. तिथून मला ती पंगत नीट दिसत होती. माझा नुसता जळफळाट झाला.

म्हणून पुढे, दोन हजार साल उलटल्यावर, मी कर्ज काढून कोरी करकरीत गाडी घेतली. माझी एकच इच्छा होती. सासूबाईंनी आपण होऊन माझ्या गाडीत बसावं आणि चार लोकांत म्हणावं, 'धाकट्या जावयांबरोबर निघालं की काळजी नसते.' या एका वाक्यासाठी मी गाडी बंद पडल्यास मदत करणाऱ्या तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आणून आठवडाभर वाचली. एकीत बॅटरी होती पण टोचन नव्हतं, दुसरीत टोचन होतं पण वर्षातून एकदाच. तिसरीत दोन्ही होतं, वर वार्षिक हप्ता कमी. ती घेतली. मोठ्या दिमाखात साडूंना सांगायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "म्हणजे गाडी बंद पडली की अनोळखी माणूस येणार? चहा घेतो का तो?"

लवकरच सासूबाईंना सप्तशृंगीची ओटी भरायची होती. साडू-मेहुणीबाई मोरपंखी गाडीतून निघणार होते, पण बायकोनं गळ घातल्यामुळे सासूबाई माझ्या गाडीत बसल्या. मी हरखून गेलो. दिंडोरीच्या अलीकडे माझी नवी गाडी एक आचका देऊन थांबली. मी जराही डगमगलो नाही. ऐटीत मोबाइल काढला, कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की माझ्या योजनेत फुकट टोचनची हद्द मागच्याच फाट्यापर्यंत होती. पुढे दर किलोमीटरला आकार, शिवाय त्यांची गाडी नाशिकहून येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. एकूण आकडा मी तिला दोनदा सांगायला लावला. "सर, थोडी अलीकडे बंद पडली असती तर फुकट झालं असतं," ती हळहळून म्हणाली.

एवढं ऐकल्यावर कुठलाही नाशिककर जे करील तेच मी केलं. गाडी मागे फाट्यापर्यंत ढकलायला सुरुवात केली. बायको एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आत ओटीचं ताट मांडीवर घेऊन सासूबाई. "अहो जावईबापू, देवी तिकडं आहे, आपण नाशिककडं का चाललोय?" त्या खिडकीतून विचारत होत्या. तेवढ्यात धूळ उडवत एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्या मागे, दोराला बांधलेली, साडूंची गाडी. ती म्हसरूळलाच बंद पडली होती. ट्रॅक्टरवाले द्राक्षबागायतदार कामासाठी वणीलाच निघाले होते.

"अरे, हे तर आमचे साडूभाऊ!" साडूंनी आतूनच आरोळी ठोकली.

"मंग बांधू की ह्यांनाबी," ट्रॅक्टरवाले उतरत म्हणाले. "लय लांब नाय वणी. एकीच्या जागी दोन!"

माझी कोरी गाडी त्या मोरपंखी गाडीच्या मागे बांधली गेली. हे एक वेळ मी सहन केलं असतं. पण सासूबाई ओटीचं ताट घेऊन उतरल्या आणि जाऊन साडूंच्या गाडीत बसल्या. दोन्ही गाड्या बंद, दोन्ही एकाच ट्रॅक्टरला, तरीही! "आईजवळ बसते," म्हणून बायकोही गेली. पुढच्या गाडीतून हसण्याचे आणि कपबश्यांचे आवाज येत होते. मागे मी एकटा, स्टिअरिंग धरून, धूळ खात. वणीहून जीपनं गडावर गेलो, ओटी भरली, आणि पायऱ्या उतरताना सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "थोरल्या जावयांबरोबर निघालं की काळजी नसते."

पुढे साडूंना काचबिंदू झाला. नजर फार गेली. डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली. आता सगळे माझ्याच गाडीतून जातात. सासूबाई मागे, साडू माझ्या शेजारी. मी मोठी योजना घेतलीय, राज्यभर टोचन फुकट, पण गाडी कधी बंदच पडत नाही. कुठेही गेलो की साडू विचारतात, "पोचलो पण?" मी जिंकलोय, आणि मला त्यात काही मजा येत नाही.

परवा पेठच्या रस्त्यानं येत होतो. समोरून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडीत बघून हात वर केला. मी त्याला ओळखत नव्हतो. साडूंना दिसलं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं.

"भाऊसाहेब, कुणीतरी तुम्हाला हात केला," मी म्हणालो.

"कुणी? मग थांबा की हो!"

मी चांगली चालती गाडी कडेला घेतली. तो माणूस ट्रॅक्टर सोडून धावत आला, माझ्याकडे न बघता वळसा घालून साडूंच्या खिडकीशी गेला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "वळखलं का सायेब?" साडूंनी त्याचा चेहरा चाचपला, आवाज आठवला आणि त्याच्या गावाचं नाव घेतलं. तो माणूस रडायलाच लागला. मला साडूंचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता. दोघांचं बोलणं लवकर संपेल असं दिसेना, तेव्हा मी इंजिन बंद केलं.