दोन जोड्या टायर

आभाळ सकाळपासून कुंद होतं, रस्ता ओला. काकांनी टायरच्या दुकानाचं शटर वर ढकललं आणि आधी हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडून दिलं. गल्लीत त्यांना नखकाका म्हणत. कुठलाही टायर समोर आला की त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघणार. साबणाची वडीही ते तशीच पारखून घेतात, असं बायको सांगे.

तेवढ्यात लेक आपली जडशीळ मोटरसायकल घेऊन आली. उद्या ती नि तिचा नवरा, मागे दोन पेट्या लादून, डोंगरातल्या लांबच्या वाटेला निघणार होते. जुने टायर पार गुळगुळीत झालेले. जावयाने नव्या दोन जोड्या पाठवल्या होत्या; पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी परत.

"दोन कशाला? एकीत खोट असणार."

"बाबा, तुम्हाला निवडता यावं म्हणून."

"जावई एवढा समजूतदार कधीपासून झाला?"

पहिली जोडी रुंद, चकचकीत. पण कडेवरचा वजनाचा आकडा कमी. दोन माणसं, पेट्या आणि ते धूड तिला पेललं नसतं. ती बाजूला सारली. दुसरी दिसायला साधी, आकडा पुरेसा, पाणी कापायला खाचा खोल. नख रुतलं, म्हणजे रबर मऊ. वास घेतला. बनवल्याची तारीख वाचली, तीही ताजी. काकांचा चेहरा आणखीच पडला.

"काहीच कसं सापडत नाही?"

जावयाने ज्याच्याकडून टायर मागवले होते, त्या ओळखीच्या विकणाऱ्यालाच त्यांनी स्पीकरवर फोन लावला. "जुना माल पुसूनबिसून पाठवलास ना रे?"

"काका, लग्न ठरवताना काकूंनाही नख लावून बघितलं होतंत का?"

लेक खो खो हसली. काकांनी फोन आपटला आणि टायर चढवायला घेतले. तोंड चालूच: विकणारा लबाड, जावई भोळा, आजकाल रबरात काय कालवतात देव जाणे. काम उरकलं तशी लेक मागच्या चाकाशी उकिडवी बसली.

"बाबा, हा बाण पुढे हवा ना?"

चाक कुठल्या दिशेने फिरायचं ते दाखवणारा बाण मागे तोंड करून होता. काकांनी टायर उलटा चढवला होता. ओल्या घाटात त्याने पाणी नीट बाहेर फेकलं नसतं.

काका स्टूल ओढून चाकापाशी बसले. चाक काढलं, टायर सुलटा केला आणि पाना लेकीच्या हातात दिला. आजवर त्यांचं काम कुणी तपासलेलं त्यांना खपलं नव्हतं.

"एकूण एक नट तू आवळून बघ. माझ्यावर विसंबू नकोस."

"पुढच्या चाकाचे पण?"

"ते आधी."

तिने सगळं तपासून मान हलवली, तेव्हा ते उठले. कुणीतरी दारात टेकवून गेलेली सायकल आत ओढली आणि तिची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागले.